सतरा मीटर चाळीस

संडेस्कूलमध्ये मी खडकावरचं घर काढलं,
खाली करडा खडू, वर लाल कौलं,
आणि बाबांना दाखवलं.
ते हसले. हातांवर बेंटोनाइटची पांढुरकी साय वाळलेली.
"सानपाड्यात खडक दिसला का तुला कुठं?
इथं सगळी खाडी. वर मुरूम, खाली काळा गाळ,
आणि माणसं विचारतात, चौथा मजला हवेशीर आहे ना?"

शाद्रक भिंगारदिवे, विंच ऑपरेटर.
पायलिंगच्या तिपाईखाली बावीस वर्षं.
नगरकडच्या माळावरून आलेला माणूस,
जिथं पहिल्याच घावात कुदळीला खडक लागतो
आणि विहिरीला पाणी लागत नाही.

गाळात चिझल पडते तेव्हा धप्प.
पुन्हा धप्प. जेवणाची सुट्टी. पुन्हा धप्प.
आवाज बदलला की बाबा विंच थांबवत,
मान तिरकी करून कान देत,
जसा उपदेशाला त्यांनी कधी दिला नाही.
वर आलेला चुरा धुऊन पिशवीत भरायचा,
पिशवीवर मार्करनं खोली लिहायची.
त्यातला एक खडा घरी आला : १७.४०.
ओट्यावर मिठाची बरणी डुगडुगायची,
आईनं तो तिच्याखाली सरकवला.

योनाला सोळाव्या वर्षी रक्ताचा आजार निघाला.
खारघरचं हॉस्पिटल, पिवळी फाईल, पेशींचे आकडे.
पाळकसाहेब आले, कपाळाला तेल लावून गेले.
प्रिस्किल्लाबाई म्हणाल्या, यातही प्रभूची योजना असेल.
आई म्हणाली, डबा ठेवा.
आणि जा.

तरी दर रविवारी ती कोपरखैरण्याला जायची,
शाळेचा भाड्याचा हॉल, सकाळी साडेआठ,
फळ्यावर शनिवारचं भूमिती तसंच,
आणि एकटीच साठ खुर्च्या मांडायची.
गीत सुरू झालं की ओठ मिटलेले.
मला राग यायचा.
ज्याच्याशी बोलणं टाकलंय
त्याच्या घरी खुर्च्या कशाला मांडायच्या?

एका रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात
बाबा गुडघ्यांत डोकं घालून बसलेले.
प्रार्थना की झोप, कळेना.
मी विचारलं, बाबा, खडक लागला का?
बराच वेळ गेला. खाली कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं,
त्याचं एक चाक कुरकुरत होतं.
"नाही गं. अजून गाळच आहे."

मग नव्या हेल्परला सांगावं तसं म्हणाले,
"गाळ उपसून संपत नसतो. त्याच्यातनंच खाली जायचं.
तोवर भोक ढासळू नये, एवढंच बघायचं."
त्यासाठी बेंटोनाइट सोडतात.
नुसतं मातीचं पाणी,
त्यात कसली ताकद नसते,
भिंतींना टेकून राहतं, बस.
मला आईच्या खुर्च्या आठवल्या.

योना गेला तो मार्चमधला मंगळवार.
कबर खणताना कमरेइतक्या खोलीवरच पाणी लागलं.
खणणारे एकमेकांकडे बघू लागले.
बाबांनी चपला काढल्या, आत उतरले,
आणि जे उपसून संपत नसतं
ते बादलीनं उपसत राहिले.
कुणी थांबवलं नाही त्यांना.
पाळकसाहेबांनी पुस्तक मिटून दुसरी बादली धरली.
त्या दिवशीचं वचन मला आठवत नाही,
बादली आठवते, निळी, कडी तुटलेली.

नंतर कधीतरी बाबांनीच सांगितलं,
मी विचारलं नव्हतं,
की खडक लागला म्हणून काम संपत नाही.
त्याच्यातही मीटरभर आत जावं लागतं
आणि तिथं सगळ्यात जास्त दिवस मोडतात,
चिझलची धार जाते, सुपरवायझर ओरडतो,
लोकांना वाटतं, काहीच होत नाहीये.

अकरा महिने.
मिठाची बरणी डुगडुगली नाही.

परवाच्या रविवारी तिसऱ्या कडव्याला
माझ्या शेजारून एक आवाज आला,
बेसूर, सगळ्यांच्या अर्धा शब्द मागं.
मी वळून पाहिलं नाही.
पलीकडे बाबा गाता गाता थांबले.
मान तिरकी.
कान दिलेला.